लिव्हर खाली टिकत नाही : जुना पॉप-अप टोस्टर उघडून बघावा का?

रानजाई
मंडळी, घरचा दोन स्लाइसचा टोस्टर हल्ली रुसलाय. स्टीलची बॉडी आहे, खाली पट्टीवर २३० व्होल्ट, ८०० वॅट असं छापलंय. लिव्हर दाबली की खट्कन वर येते. आधी दोन-चारदा दाबल्यावर बसायची, आता काही केल्या बसत नाही. हाताने दाबून धरली तर भाजतो, पण सकाळी डबे भरायच्या वेळी तिथे कोण उभं राहणार? सर्व्हिस सेंटरला फोन केला तर "मॉडेल बंद झालंय, पार्ट येत नाहीत, एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या". कोपऱ्यावरचा मिक्सरवाला म्हणतो, टोस्टर आम्ही घेतच नाही. बाकी यंत्र ठणठणीत आहे, त्यामुळे टाकवत नाही. घरात मल्टिमीटर आहे (लेकाच्या डिप्लोमाच्या वेळचा), स्क्रूड्रायव्हरचा सेट आहे. उघडण्यात अर्थ आहे का? असल्यास सुरुवात कुठून करू?

ताकभात
हजार-दीड हजारात नवा येतो. तेवढ्यासाठी रविवार कशाला घालवायचा? तव्यावर तूप सोडून भाजलेल्या ब्रेडची सर तशीही टोस्टरला नाही.

रानजाई
@ताकभात, तव्यासमोर उभं राहायला तुम्ही येत असाल तर आजच टाकून देते. :)

फ्यूजवायर
रानजाईताई, उघडा. कारखान्यात विद्युत देखभालीत नोकरी झाली, त्या अनुभवावरून सांगतो : घरातल्या विजेच्या उपकरणांत शिकायला टोस्टरइतकं सोपं दुसरं काही नाही. मायक्रोवेव्हमध्ये पिन काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या भागात) जीवघेणा चार्ज राहू शकतो, तिथे हात घालू नये. टोस्टरमध्ये तसं काही नसतं. पिन सॉकेटमधून बाहेर आणि टोस्टर गार, की काम सुरक्षित. फक्त बटण बंद करून भागायचं नाही, पिन उपटून डोळ्यांसमोर ठेवायची.

तुमच्या पोस्टमध्येच अर्धं निदान आहे. लिव्हर खाली टिकते ती यांत्रिक खटक्यामुळे नाही, विद्युतचुंबकामुळे. लिव्हर खाली गेली की तिच्या खालचा प्लास्टिकचा दांडा काँटॅक्टच्या पट्ट्या दाबतो आणि भाजणाऱ्या कॉइलला करंट मिळतो. त्याच करंटमधून थोडासा व्होल्टेज छोट्या सर्किट बोर्डाला जातो, बोर्ड चुंबकाला जागं करतो, आणि चुंबक लिव्हरवरची लोखंडी पट्टी धरून ठेवतो. वेळ संपली की बोर्ड चुंबकाचा करंट तोडतो, स्प्रिंग ब्रेडला वर ढकलते. म्हणून लाइट गेलेली असताना लिव्हर कधीच टिकत नाही, आणि पुष्कळ लोक बिघाड समजतात तेव्हा सॉकेटच बंद असतं.

तर पहिली पायरी, न उघडता. ब्रेड न घालता लिव्हर हाताने दाबून धरा आणि वरून वाकून बघा (तोंड फार जवळ नको, बोटं तर मुळीच आत नकोत). कॉइल लाल होते का? सगळ्या बाजूंनी होते का?

लाल होत असेल तर वायर, काँटॅक्ट आणि कॉइल शाबूत आहेत, दोष चुंबकात किंवा बोर्डात. अजिबात लाल होत नसेल तर चुंबकाचा काहीच गुन्हा नाही. त्याला करंटच मिळत नाही. मग वायर, काँटॅक्ट, कॉइल या क्रमाने जायचं.

रानजाई
आत्ताच बघितलं. दाबून धरल्यावर चारही बाजूंनी छान लाल होते. म्हणजे चुंबक?

फ्यूजवायर
चुंबक किंवा त्याच्या तोंडाशी अडकलेला चुरा. माझा पैसा चुऱ्यावर.

कोकमसार
वाचतेय. आमच्याकडे टोस्टर चालू केला की ईएलसीबी (करंट गळला की घरची वीज तोडणारा स्विच) पडतो. त्याचंही इथेच विचारते, वेगळा धागा नको.

निवडुंग
@कोकमसार, एमसीबी (करंट फार वाढला की पडणारा स्विच) पडतो की ईएलसीबी (आता आरसीसीबी म्हणतात, ज्यावर T किंवा "टेस्ट" लिहिलेलं बटण असतं)? दोघांत फरक आहे. एमसीबी पडला तर आत सरळ शॉर्ट. ईएलसीबी पडला तर करंट कुठूनतरी बॉडीमार्गे अर्थला गळतोय. घरगुती ईएलसीबी बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो, त्यामुळे ओला चुरा किंवा बॉडीला टेकलेली कॉइलची तार एवढ्यानेही पडतो.

आणि राग मानू नका, पण झुरळं बघा. बंद ओट्यावरचा, खाली ब्रेडचा चुरा असलेला टोस्टर त्यांना आयता मिळतो. मुंबईत मी उघडलेल्या एका टोस्टरच्या बोर्डावर त्यांची विष्ठा आणि अंड्यांची कोशी होती. ती घाण ओल धरते, पावसाळ्यात तर हमखास.

कोकमसार
ईईई. ईएलसीबीच आहे. उद्याच उघडते. जेवताना वाचत होते हे.

फ्यूजवायर
निवडुंग यांना +१. कोकमसार, साफ करून, दोन दिवस कोरड्या जागी ठेवूनही ईएलसीबी पडतच राहिला, तर ईएलसीबीला बायपास करून किंवा अर्थची पिन काढून टोस्टर "चालवणारे" मिस्त्री असतात, त्यांना उंबऱ्याबाहेर ठेवा. तो पडतो म्हणजे आपलं काम चोख करतोय.

रानजाईताई, आता उघडायचं कसं ते.

आधी खालचा चुऱ्याचा ट्रे काढा. तो नियमित काढत असलात तरी लिव्हरच्या बाजूचा चुरा त्यात पडत नाही, तो यंत्राच्या कप्प्यात साठतो. टोस्टर उलटा करून जोरात हलवायची सवय असेल तर ती सोडा. त्याने ट्रेमधला चुरा उलट त्या कप्प्यात जातो.

लिव्हरची मूठ आणि ब्राउनिंगचं बटण बहुधा ओढून निघतात. मग तळाचे स्क्रू. एखाद-दोन स्क्रूंना त्रिकोणी खाच असते, मुद्दाम, आपण उघडू नये म्हणून. त्याचे बिट सेटमध्ये मिळतात. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, कुठेही. बॉडी वर उचलताना सावकाश, कडा ब्लेडसारख्या असतात. एक फोटो काढून ठेवा, कोणती तार कुठे होती ते नंतर आठवत नाही.

आत अभ्रकाच्या पातळ, पारदर्शक पत्र्या दिसतील, त्यांवर नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) चपटी तार गुंडाळलेली. पत्र्यांना हात लावू नका, जुनं अभ्रक पापुद्र्यासारखं सुटतं. आपलं काम लिव्हरच्या बाजूला. खाली चौकोनी कॉइल असलेला चुंबक आणि लिव्हरला लटकलेली लोखंडी पट्टी. दोघांचे समोरासमोरचे चेहरे तपासा. तिथे जळक्या चुऱ्याचा किंवा गंजाचा पातळ थर असला तरी पुरे. मधे केसाएवढं अंतर राहिलं की चुंबकाची पकड झपाट्याने उतरते. रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापडाने पुसा. पॉलिश पेपर चुंबकावर जोरात घासू नका, चेहरा वाकडातिकडा झाला तर अंतर कायमचं राहील.

काँटॅक्टच्या पट्ट्या काळ्या पडल्या असतील तर त्यांच्यावर मात्र बारीक पॉलिश पेपरची एक पट्टी मधे धरून दोन-तीनदा ओढा. आणि कुठेही तेल किंवा ग्रीस घालू नका. शिवणयंत्राचं तेल घालायचा मोह होतो. तापलं की ते धुरावतं आणि चुरा चिकटवून ठेवतं.

दुपारचा चहा
वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). काका, एक शंका. माझ्या टोस्टरची एकच बाजू भाजते, दुसरी पांढरीफटक. तार तुटली असणार. सोल्डर करू का?

निवडुंग
सोल्डर नाही चालणार. नेहमीचं कथील-शिशाचं सोल्डर १८३ अंशांना वितळायला लागतं, आणि लाल झालेली तार ६०० अंशांच्या वर असते. शिवाय नायक्रोमवर ते धड चिकटतही नाही, पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर असतो. त्या थरामुळेच तर ती हवेत वर्षानुवर्षं लाल होऊनही जळून जात नाही.

तुटलेली टोकं जेमतेम एकमेकांवर येत असतील तर स्टीलची बारीक नळी घालून पकडीने घट्ट दाबायची, किंवा बारीक स्क्रू-नट आणि दोन वॉशरमध्ये चिमटायची. बाहेरची टोकं बोर्डाकडे जातात तिथे तार झाकायची तर फायबर ग्लासची स्लीव्ह. साधी काळी इन्सुलेशन टेप टोस्टरच्या आत नको, वितळून टपकते.

टोकं पोचत नाहीत म्हणून दोन-तीन वेढे गाळून जोड देणारे असतात. वेढे कमी म्हणजे रोध कमी, करंट जास्त, उरलेली तार आणखी तापते. दुसरीकडे तुटायची वाट बघायची फक्त.

फ्यूजवायर
यात एक जोड. जोड दिलेली तार म्हणजे काही महिन्यांची सोय समजा. तार एके ठिकाणी तुटली तर बाकी ठिकाणीही ठिसूळ झालेली असते. जुन्या धाटणीचे काही ब्रिटिश टोस्टर असे की त्यांचे एलिमेंट (तार गुंडाळलेल्या पत्र्या) सुटे विकत मिळतात आणि चार स्क्रू काढून बदलता येतात. आपल्याकडच्या स्वस्त मॉडेलांत ती सोय नाही. मी कॉइल तुटलेला टोस्टर दुरुस्त करायला घेत नाही, चुंबक-बोर्ड-काँटॅक्टचा असेल तर आनंदाने घेतो.

सातासमुद्रापार
छान धागा. मी इंग्लंडमध्ये असते. इथे गावच्या सभागृहात रिपेअर कॅफे भरतो, तिथे टोस्टर घेऊन गेले होते. (ही कल्पना ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा या बाईंनी सुरू केली, आता बऱ्याच देशांत आहे.) तिथले आजोबा फ्यूजवायर काकांसारखेच, आधी न उघडता पाच मिनिटं नुसते प्रश्न विचारतात. दुरुस्तीनंतर मात्र टोस्टर लगेच हातात देत नाहीत. एका यंत्राला जोडून आधी अर्थची वायर बॉडीपर्यंत नीट पोचते का आणि मग ५०० व्होल्टवर इन्सुलेशन टिकतं का बघतात. पास झालं तरच घरी.

इथल्या पिनेतच फ्यूज असतो. माझा टोस्टर मेलाच नव्हता. कुणीतरी त्यात ३ अँपिअरचा फ्यूज घातला होता, तो उडाला होता. १३ चा घातला, झालं.

ओहमदास
अवांतर : पॉप-अपची कल्पना अमेरिकेतल्या चार्ल्स स्ट्राइटची. मिनेसोटातल्या एका कारखान्यात तो मेकॅनिक होता, तिथल्या कँटीनमध्ये टोस्ट करपायचे म्हणून डोकं लढवलं, १९२१ साली पेटंट मिळालं. यंत्राने कापलेला स्लाइस ब्रेड बाजारात आला तो १९२८ साली, म्हणजे पॉप-अप आधी आणि स्लाइस नंतर! त्याच्याही आधी, १९०६ मध्ये अल्बर्ट मार्शने नायक्रोमचं पेटंट घेतलं. ती तार नसती तर यातलं काहीच झालं नसतं.

ताकभात
म्हणजे सात वर्षं लोक सुरीने जाड-बारीक काप करून पॉप-अपमध्ये अडकवत होते. आमच्याकडे अजूनही तेच चालतं.

एडिसनकर
न्यू जर्सीहून विचारतो. पुढच्या वर्षी कायमचे पुण्याला परततोय. चार स्लाइसचा चांगला टोस्टर आहे, १२० व्होल्ट, पट्टीवर १५०० वॅट. प्लगचा अडॅप्टर लावून चालेल ना?

ओहमदास
अजिबात नाही! अडॅप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही. कॉइलचा रोध तोच राहतो, आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २३० भागिले १२०, त्याचा वर्ग साधारण ३.७. म्हणजे तुमचा १५०० वॅटचा टोस्टर साडेपाच हजार वॅट ओढायला बघेल. एमसीबी वेळेत पडला तर नशीब. स्टेप-डाउन (व्होल्टेज उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर दीड-दोन किलोव्होल्टअँपिअरचा, तो टोस्टरपेक्षा जड आणि महाग. तिथेच कुणाला तरी देऊन या.

उलटं केलं, म्हणजे इथला ८०० वॅटचा तिकडे नेला, तर जेमतेम २२० वॅट मिळतील. ब्रेड वाळेल, भाजणार नाही, आणि लिव्हरही बहुधा टिकायची नाही.

रानजाई
अपडेट! उघडला. चुंबकाच्या तोंडावर काळा, तेलकट थर होता, खरवडताना नखात आला. सगळं साफ केलं. काँटॅक्टही पुसले. लिव्हर पहिल्या झटक्यात टिकली!

पण आता नवीन. बटण कितीवरही ठेवा, अर्ध्या मिनिटात ब्रेड वर. जेमतेम कोमट. ५ आणि ६ वर काही फरकच नाही. आधी लिव्हर हाताने धरायचे म्हणून हे कधी कळलं नसेल का?

फ्यूजवायर
बरोबर, हाताने धरल्यावर टायमरला कोण विचारतो! हे दुखणं जुनंच असणार.

बोर्डावर बटणाला जोडलेला पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा भाग) आहे आणि एक-दोन उभे, गोल इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतील. भाजायची वेळ ठरते ती याच दोघांवर. उष्णतेजवळ वर्षानुवर्षं राहून कपॅसिटर आतून वाळतो, त्याची क्षमता घटते, आणि वेळ आखडते. पोटेन्शिओमीटरच्या पट्टीवर घाण बसली असेल तर वेळ लहरी होते, एकदा कमी, एकदा जास्त. तुमची कायमच कमी आहे, म्हणून आधी कपॅसिटर. बटण दहा-पंधरा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मात्र बघा, फुकटचा उपाय आहे.

कपॅसिटरवर आकडे असतील, समजा १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्ट. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, आणि ८५ ऐवजी १०५ अंशांचा मागा. किंमत चहापेक्षा कमी. पांढरी पट्टी ऋण बाजूची, ती उलटी लावायची नाही. दोन असतील तर दोन्ही बदला.

एक ताकीद. या बोर्डाला मिळणारा व्होल्टेज कमी असला तरी तो थेट मेन लाइनच्या कॉइलमधून काढलेला असतो, मधे ट्रान्सफॉर्मर नाही. त्यामुळे "बारा-पंधरा व्होल्टच तर आहेत" म्हणून चालू असताना बोर्डाला हात लावायचा नाही. मोजमाप सगळं पिन काढून.

बंद करायच्या आधी मल्टिमीटर ओहमवर ठेवा. पिनेच्या दोन बारीक काड्यांमध्ये, लिव्हर दाबून : ८०० वॅटला ६६ ओहमच्या आसपास दिसायला हवेत. लिव्हर वर : काहीच नाही (म्हणजे शून्य नव्हे, जोडच नाही). जाड अर्थच्या काडीपासून स्टीलच्या बॉडीपर्यंत : शून्याजवळ. आणि बारीक काड्यांपासून बॉडीपर्यंत, लिव्हर दाबूनही : काहीच नाही. या चार गोष्टी जुळल्या की लावा.

वऱ्हाडी ठेचा
काका, मधात घुसतो. आजोबांच्या काळचा टोस्टर आहे आमच्याकडे अमरावतीले. दोन्हीकडून पाखं उघडतात, पाव हाताने उलटा करा लागते. त्याले बटणच नाही, सॉकेटचं बटण दाबलं की सुरू. वायरवर सुताचं विणलेलं कव्हर आहे. मस्त भाजतो अजून. वापरू का?

फ्यूजवायर
भाऊ, आधी ती वायर. त्या काळच्या सुती वायरींच्या आत उष्णतेसाठी ॲस्बेस्टॉसचे धागे असायचे. कापू-सोलू नका, चुरू नका, अख्खी काढून पिशवीत बंद करा. नवी तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग लावून घ्या, अर्थ बॉडीला स्क्रूने पक्की.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. त्याला स्वतःचं बटण नाही, म्हणजे सगळी भिस्त सॉकेटवर. भिंतीवरचं बटण एकच तार तोडतं. ती फेजची (वीज घेऊन येणारी) असायला हवी. जुन्या घरांत वायरमनने फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तर बटण बंद असतानाही कॉइलवर २३० व्होल्ट असतात, नुसती लाल होत नाही एवढंच. गार आहे, बंद आहे, म्हणून कुणी अडकलेला पाव चमच्याने काढला की संपलं. एकच तार तोडणाऱ्या जुन्या पॉप-अपमध्येही हाच धोका. सॉकेटसमोर उभे राहा, अर्थचं मोठं भोक वर : फेज उजव्या हाताला हवी. बटण चालू करून टेस्टर लावा, उजवीकडे दिवा लागला पाहिजे, डावीकडे नाही. मग बटण बंद करून पुन्हा दोन्ही भोकांत बघा. तेव्हा कुठेच लागता कामा नये.

कोकमसार
झुरळं नव्हती!! ट्रेला मी ॲल्युमिनियम फॉइल लावायचे, साफ करायला सोपं म्हणून. त्याची एक कड उचलली जाऊन खालच्या तारेला टेकत होती. फॉइल काढली, ईएलसीबी शांत.

निवडुंग
टोस्टरमध्ये फॉइल, बटर लावलेला ब्रेड आणि तेलाचं थालीपीठ, तिन्ही बाद. थालीपीठाबद्दल कुणी विचारायच्या आत सांगून ठेवतो.

दुपारचा चहा
मी विचारणारच होते. :(

रानजाई
दोन कपॅसिटर होते, दोन्ही बदलले. लेकाने सोल्डर केलं, मी टॉर्च धरला. ओहम ६४ आले, अर्थ-बॉडी ०.३. आता ३ वर बदामी, ५ वर खमंग, ६ वर करपतो, म्हणजे नव्यासारखाच. फ्यूजवायर काका, ६४ चालतील ना?

फ्यूजवायर
चालतील. गार असताना नायक्रोमचा रोध थोडा कमीच असतो, तापल्यावर चार-पाच टक्के वाढतो.

वऱ्हाडी ठेचा
काका, टेस्टर लावला. दिवा डाव्या भोकात लागते. बटण बंद केलं तरी लागते! वायरमनले फोन केला, रविवारी येतो म्हणाला. टोस्टर फडताळात वर ठेवला तोवर.

फ्यूजवायर
वायरमन आला की तेवढं एकच सॉकेट दाखवू नका. ज्याने ते जोडलं त्यानेच बाकीचेही जोडले असतील. गीझर आणि फ्रिजचं आधी बघा.